चौथी बाटली

१

कागदाची पट्टी हिरवट झाली. ती लाल व्हायला हवी होती.

चिझुरु मिनोवाने पट्टी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, मग डबीतून दुसरी काढली. तीही हिरवट. पहिल्या तीन बाटल्यांच्या पट्ट्या टेबलावर ओळीने वाळत होत्या, तिन्ही लालभडक. बिघडलं होतं ते फक्त चौथ्या बाटलीत.

आदल्या दिवशी, सोमवारी, तिने शिरासे नदीच्या चार ठिकाणचं पाणी स्वतःच्या हाताने भरून आणलं होतं. धातू मोजायच्या बाटल्यांना पिवळं झाकण असतं. त्यांच्या तळाशी प्रयोगशाळेतूनच थोडं नायट्रिक ॲसिड घालून ठेवतात. नाहीतर पाण्यातलं जस्त बाटलीच्या भिंतींना चिकटून बसतं आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून पिवळ्या झाकणाची बाटली कधी विसळायची नाही, सरळ भरायची. ही पद्धत येऊन चार वर्षं झाली होती, आणि ती आणणारी चिझुरुच होती.

ॲसिड बाटलीतून आपसूक नाहीसं होत नाही.

तिने चौथ्या ठिकाणची दुसरी बाटली काढली, पांढऱ्या झाकणाची, गढूळपणा मोजायची. तीही त्याच दगडावर उभं राहून, त्याच मिनिटाला भरलेली. पाण्यातले क्षार दाखवणारी कांडी तिने आधी हिच्यात बुडवली. शहाण्णव. मग पिवळ्या झाकणाच्या बाटलीत. एक्केचाळीस.

एकाच जागचं, एकाच वेळचं पाणी, आणि दोन बाटल्यांत दोन नद्या.

दुपारी यंत्राने जस्ताचा आकडा दिला. चौथ्या बाटलीत जस्त नावालाही नव्हतं. कुणाला तरी शिरासे नदी स्वच्छ हवी होती. आणि सोमवारी बाटल्यांची पेटी तिच्या नजरेआड झाली होती ती फक्त जेवणाच्या वेळी. म्हणजे हा जो कोणी होता, तो तिच्या पंगतीला बसून जेवला होता.

२

शनिवारी सकाळी दहाला शिरासेच्या मच्छीमार संघाची बैठक होती. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, आयू माशांची पकड सुरू व्हायची. दर वर्षी त्या बैठकीत चिझुरुचा अहवाल वाचला जाई. त्यात शेवटी दोन शेरे असत: नदी माणसांना पोहायला योग्य की अयोग्य, आणि जलचरांना जगायला योग्य की अयोग्य.

पहिल्या शेऱ्याची कधी अडचण आली नव्हती. दुसऱ्याच्या जागी मात्र ती गेली तीन वर्षं 'निरीक्षण चालू' असं लिहीत आली होती.

तिसऱ्या आणि चौथ्या ठिकाणांच्या मधे जुन्या खाणीचा ओढा नदीला मिळतो. खाण कधीच बंद पडलेली. तिचं पाणी शुद्ध करणारं केंद्रही बारा वर्षांपूर्वी बंद झालं. 'अयोग्य' लिहिलं की ते केंद्र पुन्हा सुरू करणं सरकारला भाग होतं, पण त्या हंगामात पकड बंद, आणि गावाचा उन्हाळा गेला. न लिहावं तर नदी वर्षागणिक रिकामी होत होती. चिझुरुला दर वर्षी थांबायला काहीतरी कारण सापडे. एकदा पाणी फार कमी होतं, एकदा फार जास्त. आणि तिचे जुने गुरू, कुझे सेन्सेई, म्हणत, घाई करू नकोस मिनोवा, एकदा लिहिलेलं पुसता येत नाही.

या वर्षी मात्र नमुन्यांच्या आधीचे दोन दिवस मुसळधार पाऊस झाला होता. असा पाऊस खाणीतलं सगळं धुऊन खाली आणतो. चौथ्या बाटलीने काय ते सांगून टाकलं असतं.

सोमवारी जेवायला पाच जण होते. ती स्वतः. नगरपालिकेचे वाकुई, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, तिच्या बाटल्यांची पेटी दर वर्षी तेच उचलत. संघाचे अध्यक्ष हातोरी. नदीकाठच्या खानावळीची मालकीण सुमी. आणि कुझे सेन्सेई, तिच्या प्रयोगशाळेचे जुने प्रमुख, आता संघाचे सल्लागार. नदीचं जे काही तिला कळत होतं ते त्यांनी शिकवलेलं.

खानावळ चौथ्या ठिकाणाच्या समोरच. भरलेल्या बाटल्यांची पेटी दाराच्या आत, मातीच्या गार जमिनीवर ठेवली होती. जेवण झाल्यावर चिझुरु दगड उलटून किडे मोजायला वीस मिनिटं नदीत उतरली होती. ती उठताना सेन्सेई म्हणाले होते, "हे पिवळं झाकण नवीन दिसतंय."

"धातूंसाठी, सेन्सेई."

"छान. पूर्वी आम्ही खडूने लिहायचो."

ते गुडघा चोळत तिथेच बाकावर टेकले होते. पेटीवर त्यांची नजर आहे, या भरवशावर ती निर्धास्तपणे पाण्यात उतरली होती.

बुधवारी सकाळी ती पुन्हा शिरासेला निघाली. साहेबांना तिने सांगितलं, एक नमुना शंकास्पद आहे. कुणावर शंका आहे ते सांगितलं नाही, कारण चौघांपैकी एकाचंही नाव घ्यायला तिची जीभ वळत नव्हती.

३

वाकुई नगरपालिकेच्या मागच्या जिन्यावर सिगारेट ओढत होते. तिने विचारण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं की महापौरांनी त्यांना दोनदा बोलावून घेतलं होतं, या वर्षी अहवाल 'नीट' यावा म्हणून. त्यांनी हो हो म्हटलं होतं, जसं ते सगळ्यांनाच म्हणतात. जेवणानंतर ते गाडीत जाऊन झोपले होते.

"कुणी पाहिलं?"

"बायकोने. फोनवर ओरडत होती, घोरू नका म्हणून." मग त्यांचा चेहरा उतरला. "मिनोवा-सान, त्या पिवळ्या झाकणांना मी उगीच हात लावीन का? गेल्या वर्षी एक कलंडली, तर माझी नवी पँट खाल्ली तिने. मांडीला एवढं भोक. अजून बायको त्यावरून बोलते."

हातोरी नदीतच भेटले, कमरेएवढ्या पाण्यात, हातात पाण्याखाली बघायचा काचेच्या तळाचा डबा घेऊन. आयू दगडावरचं शेवाळ ओठांनी खरवडतो, तेव्हा बांबूच्या पानासारखी खूण उरते. त्या खुणा मोजून कुठे किती मासे आहेत ते हातोरी सांगू शकत. ते बाहेर आले, पण बसले नाहीत. खानावळीत तुम्ही पेटीजवळ होतात का, असं तिने विचारलं.

"होतो. पाच मिनिटं. बूट चढवत होतो. का?"

तिने कारण सांगितलं. त्यांना राग येईल असं तिला वाटलं होतं. ते हसले.

"बाई, दोनशे सभासद मला विचारतात, अध्यक्ष, मासे कुठे गेले. मी म्हणतो, मिनोवा-सान बघतायत. तुम्ही लिहिता 'चालू', मी म्हणतो 'उघडली', आणि दोघंही घरी जाऊन जेवतो. मला नदी बंद व्हायला नको आहे. खोटं कशाला बोलू? पण बाटली बदलायची मला गरजच काय? तुम्ही तसंही काही लिहिणार नव्हतात."

तिने नदीतून चार दगड उचलून उलटे केले. गच्च चिकटून बसणारे चपटे किडे, निरोगी नदीत प्रत्येक दगडाखाली दहा-बारा तरी असतात. चार दगडांत मिळून एकही नव्हता.

सुमीने तिला पाहताच भातासाठी मूठभर तांदूळ जास्त घेतले. चाळीस वर्षं ती खानावळ चालवत होती, आणि चिझुरु नव्याने नोकरीला लागली तेव्हापासून तिला लाडाने 'चिझु-चान' म्हणत होती. मागच्या दाराशी डोंगरातल्या झऱ्याचं पाणी बांबूच्या नळीतून दगडी कुंडात पडतं. त्यात तोफू आणि काकड्या गार होत ठेवलेल्या असतात. चिझुरुने कुंडात कांडी बुडवली.

एक्केचाळीस.

"माझ्या झऱ्याचं पाणी?" सगळं ऐकून सुमी म्हणाली. "मग मीच चोर. बांध मला."

"सुमी-सान, चेष्टा नाही."

"चेष्टा कोण करतंय? ऑगस्टपर्यंतच्या खोल्या भरल्यात माझ्या. मासे नसतील तर माणसं कशाला येतील, माझं तोंड बघायला? माझ्याइतकं कारण कुणाला असेल सांग." तिने काकडी कापायला घेतली. "पण मी तर चुलीपाशी मासे उलटत होते. बाहेर कुणीतरी पाणी टाकत होतं, तेवढं ऐकू आलं. थोडं टाकलं. मग परत थोडं. मग परत. मला वाटलं, हातोरी बूट धुतोय. म्हटलं, कुंडाकडची माझी नेच्याची रोपं चिखलात बुडवतोय मेला."

चिझुरुने कुंडातलं पाणी एका साध्या बाटलीत भरून घेतलं. गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की ती बाटली तिने विचार न करता आधी विसळली होती. थोडं पाणी घेतलं, हलवलं, टाकलं. परत. मग परत.

तिने गाडी सुरू केली नाही. बराच वेळ ती आपल्या हातांकडे बघत बसली.

४

गुरुवारी सकाळी तिने दोन्ही पाण्यांतलं नायट्रेट मोजलं. आदल्या दिवशी जे मनात आलं होतं ते खोटं ठरावं, एवढ्याच इच्छेने तिने ते काम केलं.

बाटली नुसती उपडी करून पुन्हा भरली, तर कडेला, तळाशी चमचाभर जुनं पाणी राहतंच. त्यातलं नायट्रिक ॲसिड नव्या पाण्यात नायट्रेट म्हणून उतरतं. कागदाच्या पट्टीला ते कळलं नाही तरी नायट्रेट मोजणाऱ्या यंत्राला कळतं. बाटली एकदा विसळली असती, तरी पुसटशी खूण उरली असती.

झऱ्याचं पाणी आणि चौथ्या बाटलीतलं पाणी, दोन्ही आकडे अगदी एक आले. खूण नव्हती.

म्हणजे कुणीतरी बाटली रिकामी केली, झऱ्याच्या पाण्याने निदान दोन-तीन वेळा विसळली, आणि मगच भरली. हातोरींनी किंवा सुमीने ती ओतली असती आणि भरली असती. चोरी करताना भांडं विसळायची सवय कुणाला असते? वाकुईंना आत ॲसिड असतं हे पँटच्या भोकामुळे पक्कं माहीत होतं. पाणी बदललं की ॲसिड जाणार आणि पट्टी बोलणार, हे त्यांना कळलं असतं. उरला तो माणूस ज्याला पिवळं झाकण कशाचं हे सांगितलं गेलं होतं, पण आत काय असतं हे नव्हतं. ज्याच्या काळात ॲसिड संध्याकाळी प्रयोगशाळेत घालत. आणि ज्याचे हात बाटली तीनदा विसळल्याशिवाय भरूच शकत नाहीत, इतकी वर्षं त्यांना ती सवय.

असे हात तिच्या ओळखीत दोनच जणांचे होते. एक तिचे स्वतःचे.

तिने चौथ्या ठिकाणची पांढऱ्या झाकणाची बाटली घेतली, त्याच बाटलीत ॲसिड घातलं, आणि उद्यापर्यंत तशीच ठेवली. भिंतीला चिकटलेलं जस्त सुटायला तेवढा वेळ लागतो. मग अंगावरचा पांढरा कोट खुंटीला अडकवून ती कुझे सेन्सेईंच्या घरी गेली.

५

ते परसात काकडीचे वेल बांधत होते. तिला बघून आनंदले, खरंच आनंदले, आणि ते पाहून तिला सगळ्यात जास्त त्रास झाला. गुडघ्यावर हात ठेवत ते स्वयंपाकघरात गेले. सातूचा गार चहा ओतण्याआधी त्यांनी पेला नळाखाली धरला. थोडं पाणी, हलवून टाकलं. परत. मग परत.

चिझुरुने नजर खाली वळवली.

तिने सगळं सांगितलं, आकडे, झरा, नायट्रेट, क्रमाने, जसं त्यांनीच तिला सांगायला शिकवलं होतं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "आधीच ॲसिड घालता होय तुम्ही. बरी पद्धत आहे." जणू परीक्षेतला पेपर तपासत होते.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. केंद्र बंद करायची शिफारस त्यांच्या सहीची होती. नदीत आता जस्त सापडलं, तर त्या जुन्या फायली उघडणार. ते बहात्तर वर्षांचे होते. गावात लोक त्यांना वाकून नमस्कार करत.

"पण तेव्हाचे आकडे तर मर्यादेत होते," चिझुरु म्हणाली. "मी स्वतः मोजले होते. एक सोडून."

त्यांनी मान खिडकीकडे वळवली, आणि तो एक आकडाही खरा होता हे तिला कळलं.

बारा वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमध्ये, वादळानंतर, तिने चौथ्या ठिकाणचा एक आकडा आणला होता, मर्यादेच्या कितीतरी पट. सेन्सेईंनी तो बघितला आणि म्हणाले, बाटली घाण होती, तू नीट विसळली नाहीस. आकडा खोडला गेला. त्यांनी तिला बेसिनपाशी उभं करून तीनदा विसळायला लावलं, तिच्या हातावर हात ठेवून. वर कुणाला कळवलं नाही, याचे तिने किती आभार मानले होते. नंतरची बारा वर्षं ती कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी स्वतःवर संशय घेत आली होती. 'निरीक्षण चालू' त्याच संशयातून आलं होतं.

"ती बाटली घाण नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती." ते बाहेरच्या वेलाकडे बघत होते. "तू घरी गेल्यावर मी पुन्हा मोजलं. तेवढंच आलं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"वर्षाची सरासरी मर्यादेत होती, मिनोवा. कागद बरोबर होता. खर्च नको म्हणून सगळ्यांना केंद्र बंद व्हायला हवं होतं. तू लहान होतीस, तुला मधे कशाला ओढायचं?"

"ओढलं नाहीत? बारा वर्षं मी माझेच हात धूत बसले, सेन्सेई."

त्यांनी पेला तिच्याकडे सरकवला. तिने घेतला नाही. ते हलक्या आवाजात म्हणाले, लिही, नमुना बिघडला, पुन्हा घेऊ. पाऊस ओसरलाय, आता आकडा खालीच येईल. कुणाचं नाव घ्यायची गरज पडणार नाही. सुमीचा उन्हाळा वाचेल, हातोरीची पकड वाचेल. "आणि तुझीही सही आहे त्या जुन्या अहवालावर. माझ्या शेजारी. ते विसरू नकोस."

सल्ला देताना त्यांचा जो आवाज असायचा, त्याच आवाजात ते धमकी देत होते. तिला वाटलं, बहुधा पूर्वीही त्या आवाजात हे असायचं, आपण ऐकलं नाही.

विचार करून सांगते, असं म्हणून ती उठली. पुन्हा एकदा तिने तेच केलं होतं, हे तिला फाटक ओलांडताना कळलं.

६

शुक्रवारी पांढऱ्या झाकणाच्या बाटलीने आकडा दिला. मर्यादेच्या जवळजवळ चौपट, आणि तोही कमीत कमी.

शनिवारी संघाची खोली भरली होती. पुढच्या रांगेत सल्लागार म्हणून कुझे सेन्सेई, स्वच्छ इस्त्रीच्या सदऱ्यात. खिडकीपाशी वाकुई. चहाची किटली घेऊन सुमी. चिझुरु अहवाल घेऊन उभी राहिली. दुसऱ्या शेऱ्याची जागा कोरी होती. ती घरून भरून आली नव्हती.

पोहण्याचा भाग तिने आधी वाचला. जंतू मर्यादेत, पाणी नितळ, मुलांना खुशाल सोडा. खोलीत थोडी हालचाल झाली, कुणीतरी चहा मागितला.

मग तिने चौथ्या बाटलीची गोष्ट सांगितली. पट्टी, झरा, विसळलेली बाटली. आवाज चढवला नाही. बाटली कुझे सेन्सेईंनी बदलली, असं ती म्हणाली, आणि त्यांच्याकडे बघत म्हणाली. बारा वर्षांपूर्वीचा खोडलेला आकडा खरा होता आणि त्या अहवालावर माझीही सही आहे, त्याची चौकशी व्हावी असं पत्र मी काल दिलंय, हेही तिने सांगितलं.

कुझे सेन्सेई आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले. कुणीतरी त्यांच्या शेजारची खुर्ची थोडी बाजूला घेतली. सुमीने किटली जमिनीवर ठेवली. मागून एक म्हातारा म्हणाला की एका बाटलीवरून गाव बुडवणार का, दुसरा म्हणाला की पुढच्या वर्षी बघू, आणि बऱ्याच माना डोलल्या.

हातोरी उठले. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"बाई, बाकीचं सरकार बघेल. पकड उद्यावर आली. जाळी बाहेर काढून ठेवलीत लोकांनी. आज मला 'चालू' नको. माशांना नदी योग्य आहे की नाही?"

चिझुरुने सुमीकडे पाहिलं. सुमी तिच्याकडेच बघत होती. त्या नजरेत क्षमा नव्हती, नुसती वाट बघणं होतं.

"अयोग्य," चिझुरु म्हणाली. "यंदा नदी उघडू नका."